अंगणातला स्मोकर आणि वणव्याचा सीझन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वणव्याचे महिने जवळ आले की स्मोकरबद्दलची, म्हणजे मांस तासन्‌तास धुरात मंद शिजवायच्या यंत्राबद्दलची, पत्रं वाढतात, ह्या वेळी इतकी आली की आख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बरीचशी पत्रं कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातून आहेत म्हणून नियमांची उदाहरणं तिथली घेतली आहेत. बाकी आग सगळीकडे सारखीच वागते, त्यामुळे दुसरीकडे राहणाऱ्यांनीही वाचा, फक्त नियम आपापल्या फायर डिपार्टमेंटकडून बघून घ्या.

प्रश्न: स्मोकरमध्ये उघडा जाळ नसतो, टेंपरेचरही 225 फॅरनहाइटच्या आसपास असतं. मग तो साध्या बार्बेक्यूपेक्षा सेफच झाला ना? नवऱ्याचं म्हणणं आहे मी उगाच घाबरते.

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. ते 225 जे आहे ना, ते मांस ठेवतात त्या भागातल्या हवेचं टेंपरेचर. कोळसा किंवा लाकूड जिथे जळतं तिथले निखारे सहाशे-सातशे डिग्री सेल्सियसच्या पुढे सहज असतात, बाहेरचा काटा काहीही दाखवो. आणि खरा फरक वेळेचा आहे. बार्बेक्यू तास-दीड तासात आटोपतो, स्मोकर आठ-दहा-बारा तास चालतो, सकाळी वारा नव्हता म्हणून पेटवला आणि दुपारी तीनला झाडं हलायला लागली तरी तो पेटलेलाच असतो, कारण मांस अजून झालेलं नसतं आणि मधेच विझवणं कोणाच्याही जीवावर येतं. एवढ्या वेळात माणसाचं लक्षही उडतं, हे अगदी नैसर्गिक आहे.

ज्यांच्याकडे बाजूला वेगळी फायरबॉक्स (जळणाची पेटी) असलेला, लाकडावरचा ऑफसेट स्मोकर आहे त्यांनी जास्त जपायला हवं. दर पाऊण-एक तासाने दार उघडून लाकूड घालायचं, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की आत हवा घुसते, निखारे फुलतात, ठिणग्या उडतात, एखादा बारीक निखारा खाली पडतो. लाकूड ओलसर असेल किंवा साल सुटत असेल तर तडतड जास्त. एरवी ती ठिणगी हवेतच विझते, काही होत नाही, आणि म्हणूनच सवय लागते दुर्लक्ष करायची. पण महिना-दोन महिने पाऊस नाही, गवत वाळून पिवळं, कुंपणाच्या कडेला पानांचा थर, अशा ठिकाणी ती पडली तर लगेच जाळ दिसेलच असं नाही. झाडांच्या बुंध्याशी जो लाकडाचा भुगा किंवा सालीचा मल्च टाकतात तो तासन्‌तास नुसता धुमसत राहू शकतो आणि तुम्ही जेवून आत गेल्यावर वाऱ्याने पेट घेऊ शकतो. मोठ्या वणव्यांमध्येसुद्धा बहुतेक घरं आगीची भिंत चालून आल्याने पेटत नाहीत, वाऱ्याबरोबर लांबून उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणजे आपल्या भागात निखारा हाच मुख्य शत्रू आणि स्मोकर म्हणजे निखारे दिवसभर सांभाळायचं यंत्र. मला वाटतं मिस्टरांना एवढं सांगितलं तरी पटेल.

प्रश्न: स्मोकर नेमका कुठे ठेवायचा? आमचा लाकडी डेक आहे, त्यावर ग्रिल मॅट टाकून ठेवला तर चालेल का?

मॅटचं काम तेलाचे डाग आणि एखाद-दुसरी ठिणगी अडवायचं, बारा तास वरून धग झेलायचं नाही. शिवाय निखारा मॅटच्या बाहेर पडला, दोन फळ्यांच्या फटीतून खाली गेला, आणि डेकखाली वाळलेली पानं किंवा जुने खोके असले (बहुतेकांच्या असतातच) तर आग तुम्हाला दिसायच्या आधी घराच्या बुडाशी पोचलेली असेल. त्यामुळे डेकवर नकोच. खाली उतरवा, काँक्रीट, फरशी, पेव्हर किंवा खडीवर ठेवा.

अंतराचं म्हणाल तर घराची भिंत, कुंपण, शेड, लाकडाचा ढीग ह्या सगळ्यापासून निदान 10 फूट. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्येही कोळशाचे आणि उघड्या आगीचे कुकर जळाऊ बांधकामापासून 10 फुटांच्या आत वापरायचे नाहीत असं आहे. एक-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना त्यात सूट आहे, म्हणजे कायद्याचा बडगा मुख्यतः अपार्टमेंटवाल्यांवर, पण आग काही सूट बघून थांबत नाही तेव्हा स्वतंत्र घर असलं तरी 10 फूट धराच. अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाचा किंवा लाकडाचा स्मोकर लावायचा विचारही नको. आणि भिंतीवर व्हिनाइल साइडिंग (बाहेरून लावलेलं प्लास्टिकचं आवरण) असेल तर ती 160-165 फॅरनहाइटलाच मऊ पडायला लागते, म्हणजे आग न लागताही भिंत वाकडी होऊ शकते.

मग वर बघा. चिमणीच्या डोक्यावर फांदी आहे का? कॅलिफोर्नियात घराच्या चिमणीच्या तोंडापासून 10 फुटांपर्यंत फांद्या नकोत असा नियम आहे, तोच स्मोकरलाही लावा. पॅटिओच्या छताखाली, छत्रीखाली, पर्गोलाखाली ठेवू नका. पन्हळीत साठलेली पानं आधी काढा. घराला लागून पहिल्या 5 फुटांत जळण्यासारखं काहीच नको ही कल्पना तिथे आता झोन झिरो म्हणून सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि घरापासून 100 फुटांपर्यंत झाडझाडोरा आटोक्यात ठेवायचा नियम तर जुनाच. स्मोकरसाठी एवढं मोठं वर्तुळ साफ करायला नको, पण चहूबाजूंनी 10 फूट तरी गवत, मल्च, उशा, टेबलक्लॉथ काही नसावं. सिरॅमिकचा अंड्याच्या आकाराचा स्मोकर लाकडी टेबलात बसवलेला असेल तर त्याच्या तळाशी कंपनीने सांगितलेली फरशी किंवा स्टँड आहे ना ते आजच बघा. नुसत्या लाकडावर ठेवलेल्यांची टेबलं जळलेली आहेत.

प्रश्न: रेड फ्लॅग वॉर्निंग किंवा टोटल फायर बॅन असेल त्या दिवशी स्मोकर लावला तर चालतो का? पाहुणे बोलावलेले आहेत.

नाही. पाहुण्यांना बोलवा, स्मोकर नको.

आता सविस्तर. अमेरिकेत रेड फ्लॅग वॉर्निंग नॅशनल वेदर सर्व्हिस देते, वारा जोरात, हवा कोरडी आणि जमिनीवरचं जळण वाळलेलं असं सगळं एकत्र येणार असेल तेव्हा. त्याच्या आधी फायर वेदर वॉच येतो, तो आला की बेत बदलायला घ्या. ही वॉर्निंग म्हणजे हवामानाचा इशारा आहे, काय जाळायला बंदी आहे ते तुमचं काउंटी, शहर किंवा फायर डिस्ट्रिक्ट ठरवतं, त्यामुळे एका गावात चालतं ते शेजारच्या गावात चालत नाही असंही होतं. पण बंदी लिहिलेली नसली तरी त्या दिवशी कोळसा-लाकूड पेटवू नका, हे माझं स्पष्ट मत.

ऑस्ट्रेलियात टोटल फायर बॅनचे नियम जास्त थेट आहेत. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया दोन्हीकडे त्या दिवशी घन जळणावरचं म्हणजे लाकूड, कोळसा, ब्रिकेट असलं काहीही उघड्यावर पेटवायला मनाई, त्यात स्मोकर आला, लाकडी पिझ्झा ओव्हनही आला. गॅसचा किंवा इलेक्ट्रिक बार्बेक्यू चालतो पण अटींवर. व्हिक्टोरियात भोवती 3 मीटर जागा साफ, नळाला जोडलेला होज किंवा निदान 10 लिटर पाणी हाताशी, आणि आग विझवू शकेल असा मोठा माणूस पूर्ण वेळ तिथे. न्यू साउथ वेल्समध्ये 2 मीटर साफ, घरापासून 20 मीटरच्या आत, पाण्याची सोय चालू. गॅसच्या बार्बेक्यूत लाकडाच्या चिप्सचा डबा ठेवून धूर काढायची युक्ती काहींनी विचारली आहे. ते लाकूडच जळतंय, त्यामुळे बंदीच्या दिवशी तेही ठेवा बाजूला.

आणि कृपा करून, बंदी आहे म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये हलवला, दार अर्धं उघडं ठेवलं, असलं काही करू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि अर्धवट उघड्या दारातून तो पुरेसा बाहेर जात नाही. ह्याने माणसं मेली आहेत, घरात झोपलेली सुद्धा.

प्रश्न: आमचा पेलेट स्मोकर आहे, विजेवर चालतो, म्हणजे तो इलेक्ट्रिक धरायचा ना?

प्लग आहे म्हणून इलेक्ट्रिक वाटतो, पण आत जळतं ते लाकूडच. पेलेट म्हणजे दाबून गोळ्या केलेला लाकडाचा भुसा. वीज फक्त पेलेट आगीकडे ढकलणारा स्क्रू फिरवायला, पंख्याला आणि सुरुवातीला पेटवायला लागते. त्यामुळे बंदीच्या दिवशी तो घन जळणातच धरा.

ठिणग्या कमी उडतात हे खरं, झाकण बंद असतं आणि आग एका छोट्या भांड्यात असते. पण त्याच्या स्वतःच्या खोडी आहेत. चालू असताना वीज गेली की पंखा थांबतो आणि भांड्यातली आग स्क्रूच्या नळीतून मागे सरकत पेलेटच्या डब्यापर्यंत जाऊ शकते. आता गंमत अशी नाही तर काळजीची गोष्ट अशी की कॅलिफोर्नियात वीज कंपन्या नेमक्या वादळी वाऱ्याच्या दिवशी लाइन बंद करतात, तारांमुळे वणवा लागू नये म्हणून. म्हणजे पेलेट स्मोकर चालू असताना वीज जायची शक्यता ज्या दिवशी सगळ्यात जास्त, तोच दिवस आगीलाही सगळ्यात वाईट. वीज गेलीच तर प्लग काढा, झाकण बंद ठेवा, पेलेटच्या डब्याजवळ हात लावून गरम लागतोय का आणि तिथून धूर येतोय का ते बघत राहा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडून जाऊ नका.

दुसरं, पेटला नाही म्हणून परत परत स्टार्ट दाबत बसू नका. प्रत्येक वेळी भांड्यात पेलेट पडत राहतात आणि मग एकदम भडका होतो, झाकण उडेल इतका. बंद करा, थंड होऊ द्या, भांडं रिकामं करून साफ करा, मग पुन्हा सुरू करा. बंद करताना थेट प्लग ओढायचा नाही, शटडाउनचं बटण दाबून त्याला स्वतःहून थंड होऊ द्यायचं. एक्स्टेंशन कॉर्ड लागलीच तर घराबाहेर वापरण्यासाठी बनवलेली हवी, पुरेशी जाड, गवतात गुंडाळी करून न ठेवलेली.

प्रश्न: जेवण झाल्यावर कोळसा विझवायचा कसा? मी राख खड्डा करून मातीत पुरते, आईने तसंच शिकवलं होतं.

ताई, वणव्याच्या भागात हे सोडा. माती टाकली की निखारा विझतो असं वाटतं, पण वरच्या थराने त्याची धग उलट आत कोंडून राहते, आणि खाली झाडाची वाळकी मुळं असली तर ती धुमसत दुसरीकडेच निघू शकतात. अमेरिकेची वनखाती कॅम्पफायरबद्दल हेच बजावत असतात, निखारे पुरू नका, पाण्यात बुडवा, ढवळा, पुन्हा पाणी घाला, आणि हात जवळ नेऊन बघा. हात लावायला गरम असेल तर सोडून जायला पण गरमच आहे.

स्मोकरच्या बाबतीत एक अडचण आहे, तापलेल्या लोखंडावर किंवा सिरॅमिकवर गार पाणी ओतलं तर ते तडकू शकतं, वाकू शकतं, आणि वाफेने तुमचाच हात भाजेल. म्हणून आधी सगळे व्हेंट (हवा आत-बाहेर जायची भोकं) आणि चिमणीचं झाकण घट्ट बंद करा, हवा तोडा, आणि तसाच रात्रभर राहू द्या, अर्थात तो मोकळ्या फरशीवर असेल आणि वारा नसेल तर. दुसऱ्या दिवशी लोखंडी फावड्याने राख पत्र्याच्या बादलीत काढा, तिच्यात पाणी घाला, ढवळा, परत घाला, चिखल झाला पाहिजे. घट्ट झाकण लावा आणि ती बादली घरापासून, डेकपासून, कुंपणापासून 10 फुटांवर काँक्रीटवर ठेवा. कागदी पिशवी नको, प्लास्टिकची बादली नको, पुठ्ठ्याचं खोकं तर नकोच, आणि कचऱ्याच्या डब्यात लगेच टाकायची घाई करू नका. राखेखालचा विस्तव तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो, वरून हात लावला तर गार लागतो आणि आत लाल असतो. व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढणारेही आहेत, त्यांचा क्लीनर पेटतो.

विझलं असं समजून माणसं निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने सगळं उठवलं, ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं आहे. 19 ऑक्टोबर 1991 ला, शनिवारी, तिथल्या टेकड्यांवर गवताची एक छोटी आग लागली, अग्निशमन दलाने आटोक्यात आणली. रविवारी कोरडा जोरदार वारा सुटला, आत राहिलेले निखारे पुन्हा पेटले, आणि त्या आगीत 25 माणसं गेली, तीन हजारांच्या वर घरं जळाली. ती आग विझवणारे शिकलेले, बंब घेऊन आलेले लोक होते. आपण अंगणात बादलीभर पाणी ओतून किती खात्री धरायची ते ह्यावरून ठरवा. मी सांगेन की दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा अंदाज असेल तर आदल्या दिवशीसुद्धा कोळशाचा स्मोकर पेटवू नका.

प्रश्न: रात्री लावून झोपलो तर? वायफाय थर्मामीटर आहे, काही झालं तर फोनवर अलार्म येतो.

थर्मामीटर आतलं सांगतो. दहा फुटांवर गवतात पडलेली ठिणगी त्याला कळत नाही, आणि स्मोकरच्या आतलं टेंपरेचर वाढून अलार्म वाजेपर्यंत बाहेरची आग कुठच्या कुठे गेलेली असेल. त्यामुळे वणव्याच्या महिन्यांत रात्री झोपून स्मोकिंग बंद.

त्यापेक्षा पहाटे सुरू करा. साधारण दिवशी पहाटे हवेत दमटपणा जास्त असतो, वारा कमी असतो आणि दुपारी दोन्ही उलटं होतं, म्हणून दुपारच्या आत आग आवरती घेता आली तर उत्तम. मात्र कॅलिफोर्नियात सांता आना आणि डायब्लो वाऱ्यांना हा हिशोब लागू नाही, ते रात्री आणि पहाटेही जोरात वाहतात, हवा रात्रभर कोरडीच राहते, त्या दिवसांत पहाटही सुरक्षित नसते. मोठा तुकडा असेल आणि दुपारपर्यंत होणार नसेल तर पहिले चार-पाच तास धूर द्या, मग फॉइलमध्ये गुंडाळून घरातल्या ओव्हनमध्ये त्याच टेंपरेचरला पूर्ण करा. धुराची चव सुरुवातीच्या तासांतच लागते, फॉइलमध्ये गेल्यावर तशीही धूर आत जात नाही. कोणी ह्याला चीटिंग म्हणत असेल तर म्हणू द्या.

आणि पूर्ण वेळ एक मोठा माणूस तिथे, म्हणजे अंगणात, टीव्हीसमोर नाही. होज जोडलेला, नळ उघडून पाणी खरंच येतं का बघितलेलं, एबीसी पावडरचं एक्स्टिंग्विशर हातभर अंतरावर, पण स्मोकरला चिकटून नाही, नाहीतर आग लागल्यावर ते घ्यायला आगीतच हात घालावा लागेल. पेटवताना चिमणी स्टार्टर (कोळसा पेटवायचं पत्र्याचं नळकांडं) वापरा, तो गवतावर ठेवू नका, आणि पेटलेल्या कोळशावर लायटर फ्लुइड कधीही ओतू नका.

प्रश्न: आतल्या चरबीने पेट घेतला तर पाणी मारायचं का?

चरबीवर पाणी नाही, कधीच नाही, जळतं तेल उडतं आणि आग पसरते. झाकण बंद, सगळे व्हेंट बंद, गॅस असेल तर बंद, प्लग असेल तर काढा. झाकण उघडून बघायचा मोह आवरा, उघडलं की हवा मिळते आणि भडका थेट तोंडावर येतो. एक-दोन मिनिटांत जोर कमी होत नसेल किंवा आग स्मोकरच्या बाहेर आली असेल तर घरातल्यांना बाहेर काढा आणि फोन करा, अमेरिकेत 911, ऑस्ट्रेलियात 000. होजचं पाणी आजूबाजूचं गवत आणि कुंपण ओलं करायला वापरा. आणि चरबीचा ट्रे प्रत्येक वेळी रिकामा करून साफ करा, मागच्या चार वेळचा थर साठवून ठेवलात तर हे कधीतरी होणारच.

प्रश्न: शेजारी बॅनच्या दिवशीही स्मोकर लावतात. बोललं तर संबंध बिघडतील, नाही बोललं तर झोप येत नाही. काय करू?

बोला, पण स्मोकर पेटलेला नसेल अशा दिवशी. तुमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून आहे, वारा बहुतेक वेळा कुठून कुठे वाहतो, तुमच्याकडे म्हातारी माणसं असतील तर त्यांना घेऊन निघायला किती वेळ लागेल, हे शांतपणे सांगा. बऱ्याच जणांना बॅनमध्ये स्मोकर येतो हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं बंदी शेकोटीला आहे. ओव्हनमध्ये पूर्ण करायची युक्ती सांगा, जमलं तर तुमचा इलेक्ट्रिक बार्बेक्यू त्या दिवशी देऊ करा.

तरीही बॅनच्या दिवशी पेटवला तर फायर डिपार्टमेंटच्या साध्या नंबरवर कळवा, त्यात चुगली वगैरे काही नाही. आणि ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या, गवत पेटताना दिसलं, तर कोणाला वाईट वाटेल ह्याचा विचार न करता इमर्जन्सी नंबर फिरवा, मग त्यांच्या दारावर थाप मारा. साधा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, धूर दिसल्यावर शोधायला वेळ नसतो.